सागरगोटे : फोनवरच्या एका छोट्या खेळाच्या नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५

सागरगोट्यांचा खेळ करायचा ठरवलं. फोनवर, एका बोटाने खेळता येईल असा. पाच गोटे, एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत खालचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. याच्यापुढे काहीही वाढवायचं नाही. मागच्या वर्षी किल्ल्यांवरचा मोठा खेळ करायला घेतला होता. सहा महिन्यांत नकाशा आणि मेन्यू तयार झाला, पण खेळायला त्यात काहीच नव्हतं. तो फोल्डर आता उघडणार नाही.

साधनं: खेळ बनवायचं इंजिन म्हणून गोडो ४.३, चित्रांसाठी क्रिटा, आवाजासाठी ऑडॅसिटी. तिन्ही फुकट. लॅपटॉप सहा वर्षांचा, ८ जीबी रॅम. मी लेखापाल आहे, त्यामुळे वेळ मिळतो तो रात्री साडेनऊनंतर आणि रविवारी. मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायलाही फुरसत नसते, हे आत्ताच लिहून ठेवते.

काष्ठौषधींच्या दुकानातून खरे सागरगोटे आणले. पंधरा नग, ४५ रुपये. राखाडी, गुळगुळीत, कडक. आईने हातात घेतले, खळखळ हलवले आणि त्यातले पाच वेगळे काढून म्हणाली, "हे घे. बाकीचे हलके आहेत."

रविवार, १९ जानेवारी

पहिली चूक. गोटे जमिनीवर टाकले की खरे वाटावेत म्हणून पाचही गोट्यांना इंजिनातलं भौतिकशास्त्र लावलं, म्हणजे रिजिडबॉडी. ते एकमेकांवर आपटतात, घरंगळतात, आणि मग थांबतच नाहीत. डोळ्याला जेमतेम दिसेल इतके थरथरत राहतात. घर्षण वाढवून पाहिलं, वेग दाबून पाहिला. दर वेळी एखादा गोटा पडद्याच्या कडेला जाऊन चिकटायचाच. यात दोन शनिवार-रविवार गेले.

शेवटी सगळं काढून टाकलं. आता टाकण्याआधीच पाच जागा ठरवते आणि गोटे हातापासून त्या जागेपर्यंत घरंगळत जाताना नुसते दाखवते. तीस ओळींचं काम. पाहणाऱ्याला फरक कळत नाही आणि कोणता गोटा कुठे थांबणार हे माझ्या हातात राहतं.

हे करतानाही एक ठेच लागली. दोन गोट्यांत किमान ११० पिक्सेल अंतर हवं म्हणून "जागा सापडेपर्यंत शोधत राहा" असा व्हाइल लूप लिहिला. मैदान लहान करून पाहिलं तेव्हा पाचव्या गोट्याला जागाच उरली नाही. लूप थांबेना आणि खेळाबरोबर एडिटरही गोठला. जतन न केलेलं दीड तासाचं काम गेलं. आता ३० प्रयत्नांनंतर अंतर कमी करून पुन्हा शोध घेते. त्याच रात्री कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं गिट बसवलं आणि रोज झोपण्यापूर्वी नोंद टाकायची सवय लावली.

शनिवार, २५ जानेवारी

आज आईच्या हाताचं चित्रीकरण केलं. फोन विटांवर टेकवून, सेकंदाला ६० फ्रेम. गोटा हातातून सुटल्यापासून परत हातात येईपर्यंत बहुतेक वेळा ३४ फ्रेम, म्हणजे ०.५७ सेकंद. हिशेब केला तर गोटा ४० सेंटिमीटरच्या आसपास वर जातो. तेवढ्यात ती चार गोटे उचलते. तिचं वय अडुसष्ट.

खेळातही तोच वेळ ठेवला. मला एकही गोटा उचलता येईना. फोनच्या काचेवर बोटाला काहीच जाणवत नाही, त्यामुळे आधी पाहायचं, मग बोट न्यायचं, यातच अर्धा सेकंद संपतो.

मग गुरुत्वाकर्षण कमी केलं. वेळ मिळाला, पण गोटा पिसासारखा तरंगायला लागला. आई म्हणाली, "ह्यात बी नाही, कापूस भरलाय."

रविवार, २ फेब्रुवारी

उपाय सापडला, तो सविस्तर लिहिते, कारण उडी किंवा फेक असलेल्या कुठल्याही खेळात तो चालेल.

पूर्ण फेकीला एकच गुरुत्वाकर्षण ठेवलं नाही. आधी उंची आणि वेळ ठरवली : ६०० पिक्सेल वर, ०.४ सेकंदात. त्यावरून सुरुवातीचा वेग म्हणजे दोन गुणिले उंची भागिले वेळ, ३०००. गुरुत्वाकर्षण म्हणजे दोन गुणिले उंची भागिले वेळेचा वर्ग, ७५००. एवढ्याने गोटा झटकन वर जातो आणि झटकन खाली येतो, वजनदार वाटतो. फक्त टोकाला, जेव्हा वेग वर किंवा खाली ३५० पेक्षा कमी होतो, तेव्हाच गुरुत्वाकर्षण एक चतुर्थांश करते. तिथे गोटा क्षणभर रेंगाळतो. एरवी ०.८ सेकंदाची फेक त्यामुळे १.०८ सेकंदांची होते. वाढलेला सगळा वेळ वरच्या टोकाला जातो आणि तिथे तो डोळ्याला खटकत नाही.

आधी मी आकडे अंदाजाने बदलत बसले होते, दोन दोन तास. उंची आणि वेळ ठरवून बाकीचं सूत्रावर सोडलं तेव्हा दहा मिनिटांत जमलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मावसभावाच्या फोनवर खेळ चालवला, तर गोटा दुप्पट वेगाने खाली. त्याचा पडदा १२० हर्ट्झचा, माझा ६०. झेलताना हात पुढे सरकतो तो भाग मी डेल्टाने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळाने, गुणलाच नव्हता, आणि गोट्याच्या एका ओळीतही तीच चूक. आता गोट्याची सगळी हालचाल गोडोच्या फिजिक्स प्रोसेस या फंक्शनमध्ये, तिथे ठोका पडद्यावर अवलंबून नसतो. स्वतःच्या एकाच यंत्रावर महिनाभर तपासत राहिलं की अशी चूक दिसतच नाही. दुसऱ्याचा फोन पहिल्याच आठवड्यात मागायला हवा होता.

त्याच फोनवर दुसरी गंमत : एका टिचकीला दोन गोटे उचलले जात होते. लॅपटॉपवर कधीच नाही. कारण असं की गोडो स्पर्शाचं रूपांतर माउसच्या क्लिकमध्येही आपोआप करतं, आणि माझ्या कोडमध्ये स्पर्श आणि माउस दोन्ही ऐकले जात होते. एकाच बोटाच्या दोन बातम्या. आता फक्त स्पर्श ऐकते, आणि लॅपटॉपवर तपासण्यासाठी माउसच्या क्लिकचं स्पर्शात रूपांतर करणारी सेटिंग चालू ठेवली आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज आईने पहिल्यांदा नीट बसून खेळून पाहिलं. पंधरा मिनिटांनी फोन खाली ठेवला.

"काय झालं?"

"अगं, असं टिकटिक करत कुठं खेळतात? हात उचलायचाच नसतो. आणि नजर वर पाहिजे. ह्यात वर बघितलं की खालचं चुकतं, खाली बघितलं की वरचं."

दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. दुसरी जास्त खोल आहे. खऱ्या खेळात नजर उडालेल्या गोट्यावर असते आणि खाली हात अंदाजाने काम करतो, कारण टाकल्या टाकल्याच गोटे कुठे पडले ते पाहून ठेवलेलं असतं. फोनवर हात आंधळा होऊ शकत नाही. मी बाजूने दिसणारं दृश्य काढलं होतं : खाली जमीन, वर हवा. म्हणजे खेळणाऱ्याची नजर मी स्वतःच दोन टोकांना ओढत होते.

रात्री झोप आली नाही. महिन्याभराचं चित्रकाम फेकायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

शनिवार, २२ फेब्रुवारी

फेकलं. आता जमीन थेट वरून दिसते, शेणाने सारवलेली. उडवलेला गोटा वर जाताना मोठा होतो आणि त्याची सावली जमिनीवर पसरट, फिकट होत जाते. खाली येताना सावली आक्रसते आणि गडद होते. सावली गोट्यांमधूनच सरकत जाते, त्यामुळे नजर खाली ठेवूनही वरचं कळतं.

टिचक्याही काढल्या. हातातल्या गोट्यावर बोट ठेवलं की तो उडतो, बोट न उचलता खालच्या गोट्यांवरून फिरवायचं, आणि सावली जिथे गडद होते तिथे नेऊन बोट उचललं की झेल. या बदलामुळे आईच्या घरचा एक नियम आपोआप खेळात आला : उचलताना शेजारचा गोटा हलला तर डाव गेला. बोट वेड्यावाकड्या रस्त्याने नेलं तर शेजारच्याला लागतंच. हा नियम मी यादीतून आधीच वगळला होता, टिचक्यांनी तो करताच येत नव्हता.

रविवार, २ मार्च

बोट वेगाने फिरवलं की गोटे सुटतात. बोट खरोखर त्यावरून गेलेलं असतं, तरी. फोन बोटाची जागा सलग सांगत नाही, ठिपके ठिपके सांगतो, आणि वेगात दोन ठिपक्यांमध्ये दोनशे पिक्सेलचं अंतर पडतं. गोटा नेमका मध्ये राहतो. मागचा ठिपका आणि आताचा ठिपका यांना जोडणारी रेषा घेऊन त्या रेषेपासून गोट्याचं अंतर मोजायला लागल्यावर एकही सुटला नाही. गोडोच्या जिऑमेट्री-टूडीमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे. मी ते न पाहता स्वतः लिहिलं, चुकीचं लिहिलं, तीन रात्री गेल्या.

पण आता उलटा त्रास. रेषा शेजारच्या गोट्यालाही लागते आणि डाव सारखा जातो. उचलण्यासाठी आणि हलण्यासाठी मी एकच वर्तुळ वापरत होते, ७० पिक्सेलचं. ते वेगळं केलं : उचलायला ७०, हलायला ४०. म्हणजे उचलताना खेळणाऱ्याला सूट, आणि चूक धरताना पुन्हा सूट. कागदावर हे लबाडीचं वाटेल, पण बोटाखाली गोटा दिसतच नसतो, तेव्हा एवढी सूट द्यायलाच हवी. आईला आकडे सांगितले नाहीत. ती एवढंच म्हणाली, "आता न्याय झाला."

रविवार, ९ मार्च

अक्षरांचा दिवस. मराठीत खेळ करणाऱ्यांनी हा भाग वाचावाच.

गोडो ४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं बरोबर येतात, हा मोठा आधार आहे. तरी चार ठिकाणी अडखळले.

नियम सांगणारं वाक्य एकेक अक्षर उमटत यावं अशी हौस होती. त्यात "लक्ष" उमटताना आधी "लक", मग "लक्", मग एकदम "लक्ष" असं दिसायचं. ओळीच्या शेवटी आलेला शब्द अर्धा उमटून खालच्या ओळीवर उडी मारायचा. लेबलमध्ये, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या घटकात, दिसणाऱ्या अक्षरांच्या वागणुकीची एक सेटिंग आहे. ती मुळात "आकार देण्यापूर्वी" (म्हणजे जोडाक्षरं जुळण्यापूर्वी) वर असते, ती "आकार दिल्यानंतर" वर नेली. आता आधी पूर्ण वाक्याची मांडणी होते आणि मग ते उलगडतं.

दुसरं, ब्राउझरमध्ये सगळं मराठी चौकोनी खोक्यांत दिसलं. लॅपटॉपवर व्यवस्थित. मी फाँट जोडलाच नव्हता. लॅपटॉपवर गोडो यंत्रातला फाँट उसना घेत होतं, ब्राउझरमध्ये ती सोय नाही. मुंबईच्या "एक टाइप" या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा "बलू २" घेतला, मुक्त परवान्याचा आहे.

तिसरं, "दुसऱ्या" हा शब्द "दुसर्या" असा, डोक्यावर रफार घेऊन आला. साधा र लिहून पाय मोडला की तो रफार होतो. तिथे नुक्त्याचा ऱ टंकायचा, मग त्याचा पाय मोडायचा. "वाऱ्यावर", "तिसऱ्या" असे सगळे शब्द शोधून तपासले. आपल्या खेळात "दुसर्या डावात" असं यायला नको, एवढा आग्रह मी सोडणार नाही. चौथं त्यातलंच : लेबलची भाषा मराठी ठेवली तर ल आणि श यांची मराठी वळणं मिळतात, मात्र फाँटमध्ये ती असावी लागतात.

जुन्या पिक्सेल खेळांसारखी ठोकळ्यांची देवनागरी काढायचाही प्रयत्न केला होता. आठ पिक्सेल उंचीत शिरोरेषा, वरची वेलांटी आणि खालचा उकार एकत्र मावत नाहीत. सोळा पिक्सेलमध्येही "र्ष्ट्य" गिचमिड होतं. अर्धा दिवस देऊन सोडून दिलं.

रविवार, १६ मार्च

आवाज. घरातल्या शहाबादी फरशीवर गोटे टाकून फोनवर ध्वनिमुद्रण केलं. पंखा बंद, खिडक्या बंद, फोनभोवती गोधडी. फरशीवरचा आवाज टणक आला, सारवलेल्या जमिनीच्या चित्राशी जुळेना. गच्चीवरच्या कुंडीतली माती पाटावर थापून वाळवली आणि त्यावर टाकले. तो आवाज चपखल बसला.

जानेवारीतलं चित्रीकरण पुन्हा ऐकताना एक गोष्ट कानावर आली. आईच्या बांगड्या दर फेकीला दोनदा वाजतात : गोटा उडवताना एकदा, आणि झेलण्यासाठी तळवा उलटा करते तेव्हा दुसऱ्यांदा. दुसरी किणकिण झेलाच्या जरा आधी येते. तीच खेळात घातली, गोटा हातात यायच्या ०.२ सेकंद आधी. आता सावली न पाहताही कानाला कळतं की परत फिरायची वेळ झाली. १६ फेब्रुवारीला आईने जे सांगितलं होतं त्याचं हे माझं उत्तर आहे, आणि या सगळ्या कामातली माझी सर्वांत आवडती गोष्टही.

एवढं झाल्यावर लक्षात आलं की फोनवर आवाज उशिरा येतो. दुसऱ्या फोनने मंदगती चित्रीकरण करून मोजलं, माझ्या फोनवर साधारण ८० मिलिसेकंद. किणकिण तेवढी आधी सोडते. सेटिंगमध्ये ती मागेपुढे करायची पट्टी ठेवली, कारण प्रत्येक फोनचा उशीर वेगळा.

मध्यंतरी गोडो ४.४ आलं. ते घेतलं, आणि प्रत्येक स्क्रिप्टशेजारी ओळखक्रमांकाची एकेक नवी यूआयडी फाइल तयार झाली. कचरा समजून मी त्या गिटमधून वगळल्या. त्या गिटमध्ये ठेवायच्या असतात. अर्धवट प्रकल्पात इंजिन बदलायची काहीच गरज नव्हती.

रविवार, ३० मार्च, पाडवा

दोन आठवडे काहीच नाही, कार्यालयात वर्षअखेर. आज पाडव्याला सगळे घरी जमले, तेव्हा जेवणानंतर फोन फिरवला. सात जणांनी खेळून पाहिला. मी शेजारी वही घेऊन बसले आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

सातपैकी पाच जणांना बोट न उचलता फिरवायचं असतं हे कळलं नाही. मी तीन ओळींत तेच लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही. नऊ वर्षांच्या भाचीने गोटा उडवला आणि बोट उचललं, डाव गेला. सहा वेळा तसंच. मग फोन दिला परत. ते पाहताना फार वाईट वाटलं, कारण तिला खेळायचं होतं.

त्याच रात्री नियमांचा मजकूर काढला. आता पहिल्या डावात एक धूसर हात आधी करून दाखवतो, आणि बोट लवकर उचललं तर डाव न जाता गोटा हवेत थांबून राहतो, फक्त पहिल्या तीन फेकींपुरता. उमटणाऱ्या अक्षरांवर घालवलेला वेळ त्यामुळे वाया गेला, ती सेटिंग आता फक्त शेवटच्या पडद्यावर उपयोगी पडते.

रविवार, १३ एप्रिल

ब्राउझरसाठी इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर चढवला. पहिल्यांदा चाललाच नाही : मुख्य फाइलला मी खेळाचं नाव दिलं होतं, तिथे झिपमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल हेच नाव लागतं. थ्रेडची, म्हणजे अनेक कामं समांतर चालवायची, सोय बंद ठेवून निर्यात केली, ४.३ पासून ते जमतं. ब्राउझरमध्ये चालणारी इंजिनाची वेसम फाइल एकटीच ३० एमबीच्या वर, म्हणून पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. उघडताना रिकामा पडदा नको म्हणून पाच गोट्यांचं चित्र टाकलं. आणि सुरुवातीलाच कम्पॅटिबिलिटी रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) निवडा, ब्राउझरमध्ये दुसरा चालत नाही. मी मध्येच बदलला आणि सावली रंगवणारं कोड, म्हणजे शेडर, पुन्हा लिहावं लागलं.

प्ले स्टोअरचं खातं काढलेलं नाही. एकदाच भरायचे २५ डॉलर, ते देता येतील. पण नव्या वैयक्तिक खात्याला किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस लागतात. माझ्याकडे सात आहेत. तोवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायची फाइल, घरच्यांना थेट देते.

आतापर्यंतचा खर्च : गोटे ४५ रुपये, चित्र काढायची लेखणी १,१५०, दुसरं काही नाही. वेळ वहीतल्या नोंदींप्रमाणे १३६ तास, त्यातले ४० तरी फेकून दिलेल्या कामाचे.

रविवार, २० एप्रिल

मावशीचा फोन आला. ती डावखुरी. बोट फिरवताना तिचा हात नेमका सावलीवर येतो आणि झेल दिसत नाही. मी झेलायची जागा डाव्या कडेला ठेवली होती, माझ्या हाताच्या सोयीने. सेटिंगमध्ये "डावा हात" असा पर्याय दिला, मैदान आडवं उलटवलं. तासाभराचं काम. उलटवताना सावलीही उलट्या दिशेने सरकायला लागली, ती सरळ करायला आणखी एक तास. नवी फाइल तिला रात्री पाठवली.